दुःखाचा कर्ता कोण?

(संस्थेच्या वर्षावास व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाचा विस्तारित मजकूर)



संयोजकांनी आम्हाला 'धम्म आणि विज्ञान' हा विषय दिला होता. आम्ही बँकेत लिपिक आहोत; शिक्षण कला शाखेचे. विज्ञानावर अधिकाराने बोलावे असे आमच्याजवळ फारसे काही नाही. म्हणून संयोजकांची परवानगी घेऊन आम्ही विषय थोडा बदलून घेतला. ईश्वर जर दयाळू आहे, सर्वांवर प्रेम करणारा आहे, तर मग जगात रोग का, लहान लेकरांच्या वाट्याला यातना का, हा आमचा आजचा विषय आहे. हा प्रश्न पुस्तकातून आम्हाला पडलेला नाही. तो आम्हाला आमच्या धाकट्या बहिणीने विचारला, आणि तोही स्मशानातून परत आल्यावर, घराच्या ओट्यावर बसून.

तिचा मुलगा नऊ वर्षांचा होऊन गेला. २०१४ सालच्या जानेवारीत. आम्ही तरुणपणापासून घरात देवधर्माच्या विरोधात बोलणारे, आईशी वाद घालणारे, बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असणारे. बहिणीने ते सगळे लहानपणापासून ऐकलेले. त्या दिवशी ती आमच्याकडे न बघता आपल्या अहिराणीत एवढेच म्हणाली, "भाऊ, तू म्हनस देव नही. मंग मी भांडू कोनासंगे?"

आम्हाला उत्तर देता आले नाही. वादात जिंकायची सवय झालेल्या माणसाला गप्प करणारा तो प्रश्न होता. आज जे बोलणार आहोत ते तिला द्यायचे राहिलेले उत्तर आहे असे समजा.

सुरुवात एका साध्या शब्दापासून करू. आपल्या भाषेत एका रोगाचेच नाव 'देवी' आहे. आमच्या आईच्या तोंडावर देवीचे व्रण आहेत. तिच्या लहानपणी गावात 'देवी आल्या' की कोणी रोग म्हणायचे नाही. दाराला कडुनिंबाचा पाला बांधायचा, घरात फोडणी द्यायची नाही, मोठ्याने बोलायचे नाही, कारण देवी घरात पाहुणी आलेली. लेकरू गेले तर देवीने नेले आणि वाचले तर देवीने राखले. मारणारी तीच, तारणारीही तीच. पुढे गावोगाव लस टोचणारा कर्मचारी फिरू लागला, तर त्याला लोक 'देवी डॉक्टर' म्हणत आणि त्याला पाहून पोरे-बाया घराच्या मागच्या दाराने पळत. एडवर्ड जेन्नरने १७९६ साली इंग्लंडात गाईच्या देवीची लस टोचून पाहिली. १८०२ साली ती मुंबईत पोहोचली. तिथून पुढे पावणेदोनशे वर्षे लागली. पण मे १९७५ मध्ये भारतातला देवीचा शेवटचा रोगी सापडला आणि ८ मे १९८० रोजी जागतिक आरोग्य संघटनेने देवीचे पृथ्वीवरून उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. आमच्या थोरल्या बहिणीच्या दंडावर देवीच्या लसीची मोठी खूण आहे. आमच्या दंडावर आहे ती फक्त बीसीजीची. आम्ही जन्मलो तेव्हा ती लस देण्याची गरजच उरली नव्हती.

आता विद्यार्थी मित्रांनी विचार करावा. हजारो वर्षे जिला आपण देवीची इच्छा म्हणत होतो, ती इच्छा लसीच्या सुईने कशी संपली? तो कोप असता तर सुईने शमला नसता. तो एक विषाणू होता. त्याला राग नव्हता, लोभ नव्हता, तुमचे-आमचे नावही माहीत नव्हते.

हा प्रश्न काही नवा नाही. ग्रीस देशात एपिक्युरस नावाचा तत्त्ववेत्ता सुमारे तेवीसशे वर्षांपूर्वी होऊन गेला. त्याच्या नावावर एक युक्तिवाद सांगतात. ईश्वराला दुःख दूर करायचे आहे पण करता येत नाही, तर तो सर्वशक्तिमान कसा? करता येते पण करायचे नाही, तर तो दयाळू कसा? आपल्याकडे पाली जातकांत भूरिदत्ताची कथा आहे. तिच्यात बोधिसत्त्व असाच सवाल करतो की हा ब्रह्मा जर सर्व लोकांचा स्वामी आहे, तर त्याने आपल्या प्रजेला दुःखात का ठेवले, सर्वांना सुखी का केले नाही? बाबासाहेबांनी 'भगवान बुद्ध आणि त्यांचा धम्म' या १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात ईश्वरावरील श्रद्धा हा धम्माचा भाग का नाही याचे एक स्वतंत्र प्रकरणच लिहिले आहे. ज्यांनी वाचले नसेल त्यांनी ते वाचावे. ग्रंथ वाचनालयात आहे आणि, सांगायला वाईट वाटते, त्याची पाने अजून कोरी करकरीत आहेत.

परंतु ग्रंथातला युक्तिवाद एक आणि तापाने फणफणलेले लेकरू मांडीवर असणे वेगळे. आता आमच्या भाच्याची हकिगत सांगतो.

तो आठ महिन्यांचा असताना त्याच्या हातापायांचे पंजे सुजले. रात्रभर रडायचा. एका डॉक्टरांनी संधिवात सांगितला, दुसऱ्यांनी अशक्तपणा. सासरच्या म्हाताऱ्या मंडळींनी निदान केले ते असे की, तुम्ही छप्पन साली देव नदीत सोडले, ते देव आता सूड घेत आहेत. एका भगताने अंगारा दिला. कोणी मागच्या जन्मीचे पाप काढले. कोणी म्हणाले वणीच्या सप्तशृंगीला नवस बोला. आणि इथे आम्हाला आपल्यासमोर एक कबुली द्यायची आहे. बहिणीला आणि भाच्याला गाडीवर बसवून गडावर नेणारे आम्हीच होतो. बावीस प्रतिज्ञा तोंडपाठ असलेले आम्ही पोराला कडेवर घेऊन त्या शेपाचशे पायऱ्या चढलो. 'बहिणीच्या समाधानासाठी' असे तेव्हा मनाला सांगितले. खरे सांगायचे तर भीती वाटली होती. जो भीतीच्या वेळी पायऱ्या चढला त्याने दुसऱ्यांच्या अंधश्रद्धेला हसू नये, एवढे आम्ही त्या दिवशी शिकलो.

पोर चार वर्षांचे झाल्यावर एका तपासणी शिबिरात रक्त घेतले गेले आणि खरे नाव कळले : सिकलसेल.

सातपुड्याच्या पायथ्याशी राहणाऱ्या आपल्या लोकांना हे नाव आता अपरिचित नाही. १ जुलै १९९८ रोजी धुळे जिल्ह्यातून नंदुरबार जिल्हा वेगळा झाला. त्या भागातील भिल्ल, पावरा इत्यादी आदिवासी समाजांत हा आजार पिढ्यान्‌पिढ्या आहे. विदर्भात आणि इकडे आपल्या बौद्ध समाजातही तो आहे. रक्तातल्या तांबड्या पेशी एरवी गोल आणि मऊ असतात. या आजारात त्या विळ्यासारख्या वाकड्या आणि कडक होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि जिथे अडकतात तिथे असह्य कळा सुरू होतात. निरोगी पेशी सुमारे १२० दिवस टिकते. ही विळ्यासारखी पेशी दहा-वीस दिवसांत फुटते. म्हणून रक्त कमी, डोळे पिवळे, अंगात त्राण नाही. भाचा शाळेत जायचा, पण थंडी पडली की अंथरुणाला खिळायचा. त्याला गोट्या फार आवडत. दुखणे नसेल त्या दिवशी त्याच्या खिशातून गोट्यांचा आवाज यायचा. शेवटी थंडीच्या दिवसांतच छातीत कफ झाला आणि तो गेला.

हा आजार शिकागोतील डॉ. हेरिक यांनी १९१० साली प्रथम वर्णन केला. १९४९ साली लायनस पाऊलिंग यांनी दाखवले की दोष हिमोग्लोबिनच्या रेणूत आहे, आणि काही वर्षांत हेही कळले की शेकडो मण्यांच्या माळेत फक्त एक मणी चुकीचा ओवला गेला की हे सर्व घडते. मंडळी, एक मणी! आमच्या बँकेत एका आकड्याची चूक झाली की रात्रीचे आठ वाजतात. पण निदान चूक सापडते आणि दुरुस्त करता येते.

तो मणी तिथे टिकला का, हे ऐकण्यासारखे आहे. आई आणि बाप दोघांकडून तो दोष आला तर मूल रोगी होते. एकाच पालकाकडून आला तर मूल केवळ वाहक असते आणि सर्वसाधारणपणे निरोगी जगते. डॉ. अ‍ॅलिसन यांनी १९५४ साली आफ्रिकेतील अभ्यासातून दाखवून दिले की अशा वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बरेच संरक्षण मिळते. जंगलात, दलदलीत, डासांच्या प्रदेशात ज्यांची लेकरे हिवतापाने मरत, तिथे वाहक लेकरे जगली, मोठी झाली, त्यांना मुले झाली. अशा रीतीने तो दोष वाढत गेला. म्हणजे ज्या गोष्टीने शंभर पिढ्यांपूर्वी आमच्या कोणा पूर्वजाला हिवतापातून वाचवले असेल, तिनेच २०१४ साली आमचा भाचा नेला.

आता याला कोणाची दया म्हणायची? एका नातवाला वाचवण्यासाठी दुसऱ्या नातवाला विळ्याने कापणारा आजोबा आपण दयाळू मानू काय? आणि कोप तरी कसा म्हणायचा? नऊ वर्षांच्या पोराने कोणाचे काय बिघडवले होते? दया आणि कोप हे दोन्ही शब्द इथे लागू पडत नाहीत. कारण मात्र आहे, आणि ते शोधता येते.

श्रद्धावान लोकांची उत्तरे आम्ही आदराने ऐकली आहेत. कोणी म्हणतात ही परीक्षा आहे. परीक्षा घ्यायची तर आईबापाची घ्या. पेपर लेकराच्या अंगावर कशाला सोडवायला लावता? कोणी म्हणतात माणसाला स्वातंत्र्य दिले म्हणून जगात दुःख आले. खून, दंगल, अस्पृश्यता यांच्याबाबत हे उत्तर थोडेफार चालेल. रक्तातल्या मण्याने कोणते स्वातंत्र्य वापरले?

आमच्या शाखेत नवापूर तालुक्यातले एक भिल्ल ख्रिस्ती सहकारी होते. भाच्याला रक्ताची गरज पडली तेव्हा ते न बोलावता आले, रक्त देऊन गेले आणि दवाखान्याच्या व्हरांड्यात गुडघे टेकून त्याच्यासाठी प्रार्थनाही केली. त्यांना आम्ही विचारले की तुमचा प्रेमळ पिता हे कसे पाहतो? ते म्हणाले, साहेब, मला कळत नाही. पण आमचा देव क्रुसावर स्वतः दुःख भोगतो, तो दुरून पाहत नाही. हे उत्तर आम्हाला इतरांपेक्षा प्रामाणिक वाटले. तरीही आमची शंका फिटली नाही. शेजारी बसून रडणारा सोबती मोलाचा खराच, पण ज्याच्या हाती औषधाच्या कपाटाची किल्ली आहे त्याने नुसते रडावे हे आम्हाला पटत नाही. त्या सहकाऱ्यांचे ऋण मात्र आम्ही विसरणार नाही. त्यांच्या देवाबद्दल आमचे मतभेद आहेत. त्यांच्या रक्ताबद्दल नाहीत.

यापुढचे बोलणे आपल्याच लोकांना थोडे टोचेल. ईश्वर सोडलेल्या आपल्या घरांतून 'मागच्या जन्मीचे कर्म' अजून गेलेले नाही. देवाला दारातून बाहेर काढले आणि कर्माला खिडकीतून आत घेतले, असे झाले आहे. भाच्याच्या जलदान विधीच्या दिवशी एका उपासकाने, मोठ्या प्रेमाने, बहिणीला सांगितले की ताई, त्याचे मागचे काही भोगायचे होते ते फिटले. ती उठून आत गेली. आम्हाला बँकेच्या भाषेत सांगायचे तर हे असे कर्ज आहे की ज्याचे पासबुक नाही, सही नाही, कोणी घेतले माहीत नाही, आणि वसुली मात्र लेकराकडून.

बुद्धांना मोलिय सीवक नावाच्या परिव्राजकाने नेमके हेच विचारले होते. माणसाला जे सुख-दुःख होते ते सर्व पूर्वकर्मामुळेच, असे काही श्रमण-ब्राह्मण म्हणतात, त्यावर आपले मत काय? संयुत्त निकायात हा संवाद आहे. बुद्धांचे उत्तर असे की, काही वेदना पित्तामुळे होतात, काही कफामुळे, काही वातामुळे, काही तिन्हींच्या संयोगाने, काही ऋतू बदलल्याने, काही देहाची नीट काळजी न घेतल्याने, काही बाहेरच्या आघाताने. आणि कर्मविपाकामुळे होणाऱ्या त्यांतल्या काही. सर्वच पूर्वकर्माचे म्हणणारे स्वतःच्या अनुभवाच्याही पुढे धावतात आणि जगाला जे ठाऊक आहे त्याच्याही. बाबासाहेब तर आणखी पुढे जातात. गतजन्मीच्या कर्माने आजचे दारिद्र्य आणि हीनपण ठरते, ही कल्पना बुद्धांची असूच शकत नाही असे त्यांनी ठामपणे मांडले, कारण ती मानली की अन्याय करणारा सुटतो आणि सोसणारा गुन्हेगार ठरतो. त्यांनी हे कोणत्या अनुभवानंतर लिहिले तेही आठवा. गंगाधर, रमेश, इंदू आणि राजरत्न अशी चार लेकरे त्यांनी आणि रमाईने गमावली. राजरत्न गेला तो जुलै १९२६ मध्ये, महाडच्या सत्याग्रहाच्या आधल्या वर्षी. दरवर्षी ३१ जुलैला आपण लळिंगच्या लांडोर बंगल्यावर जातो. बाबासाहेब १९३७ साली एका खटल्यासाठी धुळ्यास आले, त्याची ती आठवण. तिथे घोषणा देताना हेही मनात असावे की हा माणूस मुलांची दुःखे पचवून दुसऱ्यांचे खटले लढत होता.

किसा गोतमीची कथा आपण सर्वांनी ऐकली आहे. मेलेले मूल घेऊन ती औषध मागत फिरते आणि बुद्ध तिला ज्या घरात कोणी मेले नाही अशा घरची मोहरी आणायला सांगतात. आम्ही ही कथा बहिणीला सांगितली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून कळले की सांगायला नको होती. सगळ्यांचीच लेकरे मरतात, हे ऐकून कोणा आईचे समाधान होत नाही. पुढे आम्हाला वाटू लागले की कथेचे मर्म मोहरीत नसावे. गोतमी दारोदार गेली, लोकांनी तिला आत घेतले, आपापली दुःखे सांगितली. दिवसभर ती एकटी राहिली नाही. पण हा आमचा अर्थ. भंतेजींनी चूक असल्यास दुरुस्त करावी.

विनयपिटकातली एक गोष्ट मात्र बहिणीला पटली. एक भिक्खू अतिसाराने आजारी होऊन स्वतःच्या मलमूत्रात पडला होता. बुद्ध आनंदाला घेऊन तिथे गेले. बुद्धांनी पाणी ओतले, आनंदाने अंग धुतले, दोघांनी उचलून त्याला बिछान्यावर ठेवले. मग संघाला विचारले की याची सेवा कोणीच का करत नाही? भिक्खू म्हणाले, तो आमच्या काही उपयोगाचा नाही. तेव्हा बुद्धांनी सांगितले की तुम्हाला इथे आईबाप नाहीत, तुम्ही एकमेकांना पाहिले नाही तर कोण पाहील. ज्याला माझी सेवा करायची आहे त्याने आजाऱ्याची करावी. त्या भिक्खूचे कर्म काय होते, तो का आजारी पडला, याची चौकशी बुद्धांनी केली ती एवढीच की, तुला काय होते आहे? सावित्रीबाई फुले १८९७ च्या प्लेगात मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला पाठीवर घेऊन मुलगा यशवंत यांच्या दवाखान्यात गेल्या आणि १० मार्चला त्याच रोगाने गेल्या. प्लेग कोणाच्या इच्छेने आला, हा विचार करत त्या थांबल्या असतील असे आम्हाला वाटत नाही.

तर 'भांडू कोनासंगे' या प्रश्नाकडे येऊ. भांडायला पुष्कळ जण आहेत. पहिले आम्ही स्वतः आहोत. बहिणीचे लग्न आम्हीच जमवले. मुलाची नोकरी पाहिली, घर पाहिले, व्यसन नाही याची तीन ठिकाणी खात्री केली. वीस-पंचवीस माणसे पाहायला गेलो आणि रक्त पाहायचे कोणाला सुचले नाही. पुढे आम्ही आमचे रक्त तपासून घेतले. आम्ही वाहक आहोत. हे या मंचावरून आज प्रथमच सांगत आहोत. वाहक असणे हा रोग नाही, कलंक तर नाहीच. दोन वाहकांचे लग्न झाले तर प्रत्येक गरोदरपणात मूल रोगी होण्याची शक्यता चारात एक असते. वाहकाने वाहक नसलेल्याशी लग्न केले तर मूल या आजाराचे रोगी होत नाही; फार तर वाहक होते. इतके साधे गणित आहे. तरीही आपल्याकडे वाहक मुलीचे स्थळ परत जाते आणि वाहक मुलाची गोष्ट लपवली जाते. भांडायचे ते या लपवाछपवीशी.

दुसरे भांडण व्यवस्थेशी आहे. हायड्रॉक्सीयुरिया नावाच्या गोळीने पुष्कळ रोग्यांच्या कळा कमी होतात. ती गोळी तालुक्याच्या दवाखान्यात वेळेवर मिळते का, हे विचारायला शिष्टमंडळ लागते, नवस लागत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेलचा समावेश आहे. आपल्यातील किती कुटुंबांनी प्रमाणपत्र काढले? १ जुलै २०२३ रोजी केंद्र सरकारने सिकलसेल निर्मूलनाचे अभियान सुरू केले, २०४७ पर्यंतचे उद्दिष्ट ठेवून सात कोटी लोकांच्या तपासणीचे. या आकड्यात आपली वस्ती आली की नाही हे संस्थेने पाहायचे आहे.

संस्थेच्या वधू-वर मेळाव्याचा अर्ज आम्ही परवाच पाहिला. त्यात उंची आहे, वर्ण आहे, मासिक उत्पन्न आहे, आणि, अध्यक्ष महोदय क्षमा करावी, एका कोपऱ्यात 'रास' सुद्धा आहे. ती छापखान्याच्या जुन्या नमुन्यातून आली असेल. आमची विनंती आहे की पुढच्या छपाईत रास काढून त्या जागी 'सिकलसेल तपासणी : झाली / नाही' एवढे घालावे. निकाल सर्वांसमोर जाहीर करायची गरज नाही. तो दोन कुटुंबांनी एकमेकांना सांगायचा आहे, पण तपासणी झालेली असावी. बहिणीने हा मजकूर स्वतः लिहून दिला आहे आणि मेळाव्याच्या दिवशी नोंदणीच्या टेबलावर बसायचे तिने कबूल केले आहे. ती आज सभागृहात आहे. मागच्या रांगेत बसली आहे. विद्यार्थ्यांपैकी ज्यांना रक्त तपासून घ्यायचे आहे त्यांनी भाषण संपल्यावर तिच्याकडे नाव द्यावे. जयभीम.